युनिव्हर्सिटीतली प्रोबॅबिलिटी: पहिल्या सेमिस्टरला पडणारे नेहमीचे प्रश्न

बीएस्सी स्टॅट्सवाले, मॅथ्सवाले, एमथ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) प्रोबॅबिलिटीच्या युनिटपाशी येऊन अडकलेले इंजिनिअरिंगवाले आणि डेटा सायन्ससाठी नोकरी सांभाळून शिकायला बसलेले, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात म्हणून इथं एकत्र केलेत. कुठूनही वाचा पण पहिले दोन सोडू नका, पुढची निम्मी उत्तरं त्यांच्यावरच उभी आहेत.

बारावीला प्रोबॅबिलिटीत पैकीच्या पैकी मिळायचे, इथं आल्यावर काहीच का सुचत नाही?

बारावीला बहुतेक गणितात फासा, पत्ते नाहीतर पिशवीतले रंगीत चेंडू असतात आणि सगळे निकाल सारख्याच शक्यतेचे हे न सांगताच ठरलेलं असतं, मग उरतं काय तर मोजणं, अनुकूल किती आणि एकूण किती. इथं एक परिच्छेद हातात देतात आणि त्यात नेमका प्रयोग कुठला हे तुम्हीच शोधायचं असतं. मुलं थेट फॉर्म्युला शोधायला लागतात, बायनॉमियल लावू का पॉयसाँ लावू, आणि तिथंच फसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या विषयात गाडी फॉर्म्युल्यापाशी अडत नाही, प्रयोग नीट मांडलेला नसतो म्हणून अडते. त्यामुळे कुठलंही गणित घेतलं की आधी वहीत साध्या मराठीत लिहायचं की काय काय घडतंय आणि कुठल्या क्रमानं, त्यातलं नशिबावर काय आहे, आणि आपल्याला आधीच काय कळलेलं आहे. तीन वाक्यं होतात, पाच मिनिटं जातात, पण पुढचा अर्धा तास वाचतो.

हे न केल्यानं मोठी माणसंही घसरलीत. दालांबेर हा अठराव्या शतकातला फ्रान्सचा नावाजलेला गणिती, त्यानं १७५४ मधे तिथल्या विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता २/३ आहे, कारण पहिल्यालाच छापा पडला तर काम झालं, नाहीतर काटा मग छापा, नाहीतर काटा मग काटा, असे तीनच प्रकार. प्रकार तीन आहेत हे खरंय पण ते सारख्या शक्यतेचे नाहीत ना, पहिल्याची शक्यता १/२ आणि बाकी दोघांची १/४ १/४, म्हणून उत्तर ३/४. दालांबेरला गणित येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही, मांडणी चुकली की हे असं होतं.

सॅम्पल स्पेस खरंच लिहायची असते का, की नुसती मार्कांसाठी?

लिहायची. सॅम्पल स्पेस म्हणजे प्रयोगातून येऊ शकणाऱ्या सगळ्या निकालांची यादी. पूर्ण यादी नाही जमली तरी त्यातला एक नमुना निकाल तरी लिहायचा, म्हणजे आपण नेमकं काय मोजतोय ते डोळ्यासमोर राहतं.

गॅलिलिओकडे आलेला प्रश्न बघा. तीन फासे टाकले तर बेरीज ९ यायला सहा प्रकार आहेत आणि १० यायलाही सहाच, तरी जुगार खेळणाऱ्यांचा अनुभव असा की १० जरा जास्त वेळा येते, असं का? ९ चे सहा प्रकार लिहू: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. आता फासे लाल, निळा, हिरवा आहेत असं समजा. १-२-६ हे तीन वेगळे आकडे तीन रंगांवर ६ तऱ्हांनी बसतात, १-४-४ फक्त ३ तऱ्हांनी, आणि ३-३-३ तर एकाच तऱ्हेनं. बेरीज करा, ६+६+३+३+६+१ म्हणजे २५. आता १० साठी: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४, म्हणजे ६+६+३+६+३+३ = २७. एकूण निकाल २१६, तर २५/२१६ आणि २७/२१६. फरक एक टक्क्याहूनही कमी आहे आणि तरी खेळणाऱ्यांच्या तो लक्षात आला होता, ही गोष्ट मला कायम भारी वाटते.

तर मुद्दा असा की फासे दिसायला सारखे असले तरी सॅम्पल स्पेसमधे ते वेगवेगळेच धरायचे.

परम्युटेशन कॉम्बिनेशन कच्चं आहे, जमेल का?

जमेल. मोजणी हा या विषयाचा एक धडा आहे, सगळा विषय नाही, रँडम व्हेरिएबल सुरू झाले की तिचं काम बरंच कमी होतं. जिथं लागते तिथं एकच पथ्य पाळा, वर क्रम धरलात तर खालीही क्रम धरा. पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्ते काढले आणि दोन्ही एक्के निघाले, तर क्रमानं मोजलं की ४×३ भागिले ५२×५१, बिनक्रमानं मोजलं की ६ भागिले १३२६, दोन्हीकडे १/२२१ च येतं. निम्मी चुकीची उत्तरं वर एक आणि खाली दुसरं धरल्यानं येतात. आणि "निदान एक" असे शब्द दिसले की आधी "एकही नाही" ची शक्यता काढून १ मधून वजा करायची, हा हात बसला पाहिजे.

डिस्जॉइंट आणि इंडिपेंडंट एकच ना? दोन्हीत एकमेकांशी संबंध नाही असंच आहे की.

नाही नाही, उलट आहे, आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. दोन इव्हेंट म्हणजे दोन घटना घ्या. डिस्जॉइंट म्हणजे एक घडलं तर दुसरं घडूच शकत नाही, म्हणजे एकाची बातमी कळली की दुसऱ्याबद्दल सगळंच कळलं, याहून जवळचा संबंध कुठला असणार? इंडिपेंडंट म्हणजे एकाची बातमी कळून दुसऱ्याची शक्यता तसूभरही हलत नाही. दोन्ही इव्हेंटची शक्यता शून्याहून जास्त असेल आणि ते डिस्जॉइंट असतील तर ते इंडिपेंडंट असूच शकत नाहीत, कारण दोन्ही मिळून घडण्याची शक्यता शून्य आणि दोघांच्या शक्यतांचा गुणाकार मात्र शून्य नाही.

अजून एक, गुणाकार करायची घाई नको. इंडिपेंडन्स गणितात दिलेला असतो किंवा प्रयोगाच्या वर्णनातून निघतो, आपल्या मनानं घ्यायचा नसतो. किती महागात पडतं ते खाली सॅली क्लार्कच्या प्रकरणात आहे.

म्हाडाच्या लॉटरीत बाबा कित्येक वर्षं अर्ज भरतायत, आता तरी नंबर लागायची शक्यता वाढली असेल ना?

दर सोडत नवी असते, तिला मागच्या सोडतीचं काही माहीत नसतं. आकडा फक्त समजण्यासाठी घेतो, खरा नाही. समजा दर सोडतीत लागण्याची शक्यता १/२०० आहे. तर कितीही वेळा हुकलं असलं तरी पुढच्या सोडतीत ती १/२०० च राहते.

पण हाच प्रश्न दुसऱ्या जागेवर उभं राहून विचारला की उत्तर वेगळं येतं. पहिल्या अर्जाच्या आधी विचारलं की २०० सोडतींत निदान एकदा लागेल का, तर १ − (१९९/२००)^२०० म्हणजे साधारण ०.६३३. लोक म्हणतात २०० पैकी १ ना, मग २०० वेळा भरलं की लागणारच, तसं नाही, सुमारे ३७ टक्के लोक २०० वेळा भरूनही रिकाम्या हातानं राहतील. हा ३७ टक्के म्हणजे जवळपास १/ई (ई म्हणजे गणितातली साधारण २.७१८ ही संख्या), आणि तो पुढं पॉयसाँमधे पुन्हा भेटतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फरक आहे तो आपल्याला आधी काय कळलेलं आहे त्याचा.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी डोक्यावरून जाते. बेझचा फॉर्म्युला पाठ आहे तरी गणित सुटत नाही.

कंडिशनल म्हणजे काहीतरी आधीच कळलेलं असताना काढलेली शक्यता. फॉर्म्युला बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. एखादा आजार १०० त १ जणाला आहे. टेस्ट आजारी माणसाला ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते आणि धडधाकट माणसालाही ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आजार असण्याची शक्यता किती? वर्गात विचारलं की बहुतेक हात ९० टक्क्याला वर होतात.

१०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यातले ९० पॉझिटिव्ह. धडधाकट ९,९००, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यातले खरे आजारी ९०. म्हणजे साधारण १५ टक्के. बेझचा फॉर्म्युला हेच करतो, फक्त १०,००० नं भागून. मुळात आजारी माणसं इतकी थोडी आहेत की धडधाकटांच्या मोठ्या घोळक्यातून चुकून आलेले पॉझिटिव्ह त्यांना झाकून टाकतात. म्हणून तर डॉक्टर दुसरी टेस्ट करायला सांगतात.

आता काय दिलंय आणि काय विचारलंय यांची उलटापालट केल्यावर काय होतं ते. ब्रिटनमधे सॅली क्लार्क नावाच्या बाईंची दोन तान्ही बाळं दगावली आणि तिच्यावर खुनाचा खटला भरला. तज्ज्ञ डॉक्टरनं कोर्टात सांगितलं की अशा घरात एक बाळ नैसर्गिकरीत्या अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ त १, म्हणून दोन जाण्याची शक्यता तिचा वर्ग, म्हणजे साधारण ७ कोटी ३० लाखांत १. १९९९ मधे तिला शिक्षा झाली. पहिली चूक गुणाकाराची, एकाच घरातली, एकाच आईबापांची दोन मुलं इंडिपेंडंट कशी धरणार? दुसरी त्याहून मोठी, आई निर्दोष असेल तर असं घडण्याची शक्यता हा आकडा म्हणजे असं घडलंय तर आई निर्दोष असण्याची शक्यता नव्हे. आईनं दोन बाळांचा खून करणं हेही फार दुर्मिळ असतं, दोन्ही दुर्मिळ गोष्टी एकमेकींशी तोलायला हव्या होत्या. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मधे जाहीर आक्षेप घेतला, २००३ मधे शिक्षा रद्द झाली. मी हे दर वर्षी पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण अ दिलं असता ब आणि ब दिलं असता अ यातला फरक मार्कांपुरता नाही हे मुलांना आधीच कळलेलं बरं.

मॉन्टी हॉलमधे दार बदलल्यानं २/३ कसं होतं? दोन दारं उरली म्हणजे निम्मं निम्मं.

तीन दारं, एकामागं गाडी, दोघांमागं बकऱ्या. तुम्ही एक निवडता, सूत्रसंचालक दुसरं एक उघडून बकरी दाखवतो, आता बदलायचं का? १९९० मधे अमेरिकेतल्या एका साप्ताहिक पुरवणीच्या सदरात बदला असं बरोबर उत्तर छापून आलं तेव्हा हजारो वाचकांनी, त्यात पीएचडी झालेलेही होते, ते चूक आहे म्हणून पत्रं पाठवली. पॉल एर्डिशसारख्या गणितज्ञालाही कॉम्प्युटरवर सिम्युलेशन दाखवल्यावरच पटलं होतं.

किल्ली सूत्रसंचालकाच्या डोक्यात आहे. गाडी कुठं आहे हे त्याला माहीत आहे आणि तो मुद्दाम बकरीचंच दार उघडतो. तुमची पहिली निवड १/३ वेळा बरोबर असते आणि उरलेल्या २/३ वेळा त्याला पर्यायच नसतो, तो बकरी काढून गाडीचं दार तुमच्यासाठी शिल्लक ठेवतो. पण समजा त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यानं डोळे मिटून दार उघडलं आणि नशिबानं बकरी निघाली, तर मात्र उत्तर निम्मं निम्मंच आहे! डोळ्यासमोरचं दृश्य तेच, उत्तर वेगळं, कारण बातमी आपल्यापर्यंत पोचायची पद्धत वेगळी. पहिल्या उत्तरात तीन वाक्यं लिहायला सांगितली ती याचसाठी.

रँडम व्हेरिएबल रँडमही नसतो आणि व्हेरिएबलही नसतो असं सर म्हणाले, म्हणजे काय?

ते फंक्शन असतं. सॅम्पल स्पेसमधल्या प्रत्येक निकालाला एक आकडा चिकटवायचा नियम. दोन फासे टाकले, निकाल (३,५), बेरीज हा नियम लावला तर ८, मोठा आकडा हा नियम लावला तर ५. नियम आधीच पक्का आहे, नशीब आहे ते निकालात. म्हणून एकाच प्रयोगावर हवे तितके रँडम व्हेरिएबल बसवता येतात. आणि दोन व्हेरिएबलचं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे कुठला आकडा किती शक्यतेनं येतो ते, सारखं आहे म्हणून ते व्हेरिएबल एकच आहेत असं होत नाही, लाल फाशाचा आकडा आणि निळ्या फाशाचा आकडा, डिस्ट्रिब्युशन तेच पण आकडे वेगळे.

डेन्सिटी १ पेक्षा जास्त आली, उत्तर चुकलं का?

नाही. कंटिन्युअस, म्हणजे सलग पट्ट्यातली कुठलीही किंमत घेणाऱ्या, व्हेरिएबलसाठी जो वक्र काढतात ती डेन्सिटी. डेन्सिटी म्हणजे प्रोबॅबिलिटी नाही, तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे प्रोबॅबिलिटी. ० ते १/२ मधे युनिफॉर्म, म्हणजे सगळीकडे सारखी पसरलेली, असेल तर डेन्सिटी २ असते आणि क्षेत्रफळ २ × १/२ = १. कंटिन्युअसमधे एका ठरावीक आकड्याची शक्यता शून्य येते तेही याचमुळे, एका रेषेला क्षेत्रफळ नसतं. शून्य शक्यता म्हणजे अशक्य असं मात्र समजू नका, कुठला ना कुठला आकडा तर येतोच.

एक्सपेक्टेशनची गणितं फार लांबतात, काही शॉर्टकट?

आहे आणि माझ्या मते या कोर्समधली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे. एक्सपेक्टेशन म्हणजे शक्यतांच्या हिशोबानं येणारी सरासरी. बेरजेचं एक्सपेक्टेशन म्हणजे एक्सपेक्टेशनची बेरीज, आणि याला इंडिपेंडन्स लागत नाही. पुन्हा लिहितो, लागत नाही.

ऑफिसमधे दिवाळीला गिफ्टच्या चिठ्ठ्या टाकतात तसं समजा, ३० जणांनी आपापलं नाव लिहून टाकलं, नीट हलवलं, प्रत्येकानं एक उचलली. सरासरी किती जणांना स्वतःचंच नाव येईल? नेमक्या २ जणांना येण्याची शक्यता, नेमक्या ३ जणांना, असं करत बसलात तर संध्याकाळ होईल. त्याऐवजी प्रत्येक माणसामागे एक खूण ठेवा, स्वतःची चिठ्ठी आली तर १, नाहीतर ०. एका माणसाच्या खुणेचं एक्सपेक्टेशन १/३०. असे ३० जण, बेरीज १. माणसं ३० असोत नाहीतर ३ लाख, उत्तर १ च. चिठ्ठ्या एकमेकांवर अवलंबून आहेत, पहिल्यानं माझी नेली तर मला ती येणारच नाही, तरी बेरजेला त्याचा काही फरक पडत नाही. याला इंडिकेटरची पद्धत म्हणतात, ज्याला ती सुचायला लागली त्याचं एक्सपेक्टेशन झालं म्हणून समजा.

बस सरासरी १५ मिनिटांनी आहे तर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागायला हवं, प्रत्यक्षात जास्तच का थांबतो?

कारण तुम्ही मोठ्या गॅपमधे सापडायची शक्यता जास्त असते. समजा बसचे गॅप आलटून पालटून ५ आणि २५ मिनिटांचे आहेत, सरासरी १५. तुम्ही कुठल्याही वेळी स्टॉपवर पोचता. दर ३० मिनिटांतली २५ मिनिटं मोठ्या गॅपची आहेत, म्हणजे ५/६ शक्यतेनं तुम्ही मोठ्या गॅपमधे आणि तिथं सरासरी साडेबारा मिनिटं, १/६ शक्यतेनं छोट्यात आणि तिथं अडीच. हिशोब केला तर १० मिनिटं ५० सेकंद येतात. बसच्या नजरेतून सरासरी गॅप १५ आणि थांबणाऱ्याच्या नजरेतून २१ मिनिटं ४० सेकंद, दोन वेगळे प्रयोग आहेत हे. वर्गाच्या सरासरी साइझबद्दल कॉलेज एक सांगतं आणि विद्यार्थ्यांना दुसराच अनुभव येतो त्यामागंही हेच.

बायनॉमियल, पॉयसाँ, जिओमेट्रिक, एक्स्पोनेन्शियल, गॅमा, नॉर्मल... एवढे सगळे पाठ करायचे?

फॉर्म्युले नंतर, आधी प्रत्येकाची गोष्ट. ठरावीक वेळा प्रयत्न केला आणि यश मोजलं तर बायनॉमियल. पहिलं यश मिळेपर्यंत प्रयत्न मोजले तर जिओमेट्रिक. प्रयत्न भरपूर, प्रत्येकात शक्यता अगदी थोडी, तर बायनॉमियलच्या जागी पॉयसाँ चालतो. पॉयसाँ घटनांमधलं थांबणं एक्स्पोनेन्शियल आणि तशी अनेक थांबणी जोडली की गॅमा. गोष्ट कळली की मीन (सरासरी) आणि व्हेरिअन्सही (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) बरेचदा गोष्टीतूनच निघतात, बायनॉमियलचं मीन तर वरच्या खुणांच्या पद्धतीनं एका ओळीत. एक्स्पोनेन्शियलचा विसरभोळेपणा, म्हणजे किती वेळ थांबलात याला किंमत नाही, पुढं किती थांबायचं त्याचं डिस्ट्रिब्युशन तेच राहतं, हे मात्र स्वतः हातानं सिद्ध करा, दोन ओळींचं आहे.

लॉ ऑफ लार्ज नंबर्स आणि सेंट्रल लिमिट थिअरम यात गोंधळ होतो. खूप वेळा नाणं उडवलं की छापा काटा समसमान होतात ना?

प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, आकडे समसमान होत नाहीत. १,००० वेळा नाणं उडवलं तर छापे ५०० च्या आसपास, आणि आसपास म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरिअन्सचं वर्गमूळ, नेहमीची तफावत) साधारण १६. १० लाख वेळा उडवलं तर स्टँडर्ड डेव्हिएशन ५००. म्हणजे छाप्यांच्या संख्येतली तफावत १६ वरून ५०० वर गेली, वाढली, पण ५०० ला १० लाखांनी भागलं की ०.०५ टक्के, आणि १६ ला १,००० नं भागलं की १.६ टक्के. निसर्ग मागचे काटे भरून काढायला जास्तीचे छापे पाठवत नाही, मागची तफावत पुढच्या प्रचंड गर्दीत नगण्य होते, बस. हा नियम याकोब बर्नुलीनं सिद्ध केला, छापून आला १७१३ मधे, त्याच्या मृत्यूनंतर.

लॉ ऑफ लार्ज नंबर्स सांगतो सरासरी कुठं जाते. सेंट्रल लिमिट थिअरम सांगतो की तिथं जाताना ती किती आणि कशी हलते, मूळ डिस्ट्रिब्युशन कसंही असो, व्हेरिअन्स सांत असला की हलणं घंटेच्या आकाराचंच होतं. नाण्यापुरतं हे द म्वाव्रनं १७३३ मधेच दाखवलं होतं. अट विसरू नका. कॉशी डिस्ट्रिब्युशनला मीनच नसतं, त्याचे हजार आकडे घेऊन सरासरी काढली तरी ती एका आकड्याइतकीच भटकते.

कोव्हेरिअन्स शून्य म्हणजे इंडिपेंडंट?

नाही. कोव्हेरिअन्स म्हणजे दोन व्हेरिएबल सरळ रेषेत एकमेकांबरोबर किती हलतात याचं माप. एक्स म्हणजे −१, ०, १ यातला कुठलाही सारख्या शक्यतेनं, वाय म्हणजे एक्सचा वर्ग. कोव्हेरिअन्स शून्य येतो आणि वाय तर पूर्णपणे एक्सवरच अवलंबून आहे. उलट दिशा मात्र खरी आहे.

मेझर थिअरी आधी शिकू का? सिग्मा अल्जिब्रा दिसला की भीती वाटते.

मेझर थिअरी म्हणजे संचांना लांबी, क्षेत्रफळ अशी मापं देण्याचं शास्त्र, पहिल्या कोर्सला त्याची अजिबात गरज नाही. कोल्मोगोरोव्हनं १९३३ मधे प्रोबॅबिलिटी तीन नियमांवर उभी केली: शक्यता ऋण नसते, सगळ्याची मिळून १, आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या इव्हेंटच्या, अगदी अनंत मालिकेच्याही, शक्यतांची बेरीज होते. सिग्मा अल्जिब्रा एवढंच सांगतो की कुठल्या कुठल्या इव्हेंटना शक्यता द्यायची. सगळ्यांनाच का नाही द्यायची, तर संख्यारेषेवर असे काही विचित्र संच बनवता येतात, व्हिटालीनं १९०५ मधे दाखवला तसा, की त्यांना लांबी द्यायला गेलं की नियमच मोडतात. इतकं माहीत असलं की पुरे. एमएस्सीला पूर्ण शिकाल, तेव्हा ही आत्ताची उदाहरणंच हाताशी लागतात.

मॅथ्स किती लागतं?

भूमितीय श्रेणीची बेरीज, ई चा घातांकी विस्तार, इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि डबल इंटिग्रल. शेवटच्यात खरी अडचण इंटिग्रलची नसते, लिमिट लावायची असते. जॉइंट डेन्सिटीचं (दोन व्हेरिएबलची मिळून एक) गणित आलं की आधी प्रदेशाचं चित्र काढा, चित्राशिवाय लिमिट लिहू नका. निम्मे मार्क त्या चित्रात असतात.

कोडिंग शिकलं तर फायदा होईल?

खूप. पायथॉन नाहीतर आर, दोन्ही फुकट, पंधरा ओळींच्या वर काही लागत नाही. १६५४ मधे पास्काल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला त्याच्यामागं शेव्हालिए द मेरे नावाच्या खेळाडूचे प्रश्न होते. त्यातला एक असा, एक फासा ४ वेळा टाकून निदान एकदा ६ येण्यावर पैज लावणं फायद्याचं, मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही ६ येण्यावरही तसंच असायला हवं ना, ४ ला ६ तसे २४ ला ३६? कागदावर पहिलं ०.५१८ येतं आणि दुसरं ०.४९१, एक फायद्यात, दुसरं तोट्यात. आता हे २४ फेकींचं लूपमधे घाला, १ लाख वेळा चालवा, यशस्वी खेळ ४९,१०० च्या आसपास यायला हवेत, तीनचारशे इकडं तिकडं चालतील. ५१,००० आले तर कोड नाहीतर कागद, कुठंतरी चूक आहे, शोधा. लूप लिहिताना प्रयोग पायरीपायरीनं सांगावाच लागतो, मशीन गृहीत धरत नाही, त्यामुळे मांडणीची सवय आपोआप लागते. फक्त सिम्युलेशन म्हणजे पुरावा नाही, पेपरात तर नाहीच.

बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं, इंग्रजीतली लांबलचक गणितं वाचूनच दमायला होतं.

विचार मराठीत करा, उत्तर इंग्रजीत लिहा. ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, एक्झॅक्टली, गिव्हन दॅट, विदाउट रिप्लेसमेंट, असे वीसपंचवीस शब्दप्रयोगच पुन्हा पुन्हा येतात, त्यांची एक पानभर यादी करून वहीच्या आत चिकटवा. महिन्याभरात बघावी लागत नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार पुढं केंब्रिजला गेले आणि १९५३ मधे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या हातून. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, ते फर्ग्युसनमधे गणित शिकवत होते आणि रँडम फंक्शनचे तुकडे पाडायची जी पद्धत पुढं कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावानं जगभर गेली ती त्यांनी १९४३ मधेच मांडली होती. हा विषय आपल्याकडं परका नाही.

फुकटात कुठून शिकू?

एनपीटीईएल या फुकट ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत, हार्वर्डचा स्टॅट ११० कोर्स पूर्ण यूट्यूबवर आहे आणि त्याचं पुस्तक ऑनलाइन कायदेशीर फुकट वाचता येतं, एमआयटीचं ओपनकोर्सवेअर आहे. यातलं एकच निवडा आणि संपवा. तीन कोर्स अर्धे बघितल्यानं काही होत नाही. लेक्चर बघताना सगळं कळतंय असं वाटतं, ते खरं आहे की नाही हे पॉज करून गणित स्वतः सोडवल्याशिवाय समजत नाही. सोल्यूशन बघायच्या आधी निदान वीस मिनिटं झटायचं आणि बघितलंच तर दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं.

परीक्षेत मार्क कुठं जातात?

इव्हेंटला नाव न दिल्यानं. "समजा अ म्हणजे पहिला बल्ब खराब असणं" एवढी ओळ लिहिली की तपासणाऱ्याला तुमचा विचार दिसतो आणि आकडेमोड चुकली तरी पद्धतीचे मार्क मिळतात. शेवटी उत्तर ० ते १ मधे आहे ना, व्हेरिअन्स ऋण तर नाही ना, डेन्सिटीचं इंटिग्रल १ येतं ना, हे बघून घ्या. आणि डेन्सिटी लिहिताना ती कुठल्या भागात लागू आहे ते लिहायला विसरू नका, सगळ्यात जास्त मार्क तिथंच कापले जातात.

पुढं काय? याचं करिअर होतं का?

होतं. आयआयटीच्या जॅममधे (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा आहे, यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, विमा क्षेत्राकडं जायचं असेल तर ॲक्च्युअरीच्या परीक्षा, आणि गेटमधे स्टॅटिस्टिक्सबरोबर २०२४ पासून डेटा सायन्सचाही पेपर सुरू झाला. गणितातलं २००७ चं आबेल पारितोषिक मिळालेल्या श्रीनिवास वरदन यांची पीएचडी कलकत्त्याच्या याच इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधली.

विषय म्हणून पुढचा कोर्स सहसा स्टोकॅस्टिक प्रोसेसचा, म्हणजे वेळेबरोबर नशिबानं बदलत जाणाऱ्या गोष्टींचा, त्यात आधी मार्कोव्ह चेन, जिथं पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर अवलंबून असते. त्याला कंडिशनल प्रोबॅबिलिटी पक्की लागते आणि मॅट्रिक्सचा गुणाकार, आयगेन व्हॅल्यू पुन्हा चाळाव्या लागतात, तेवढं सुट्टीत उरकून ठेवा म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीला दमछाक होणार नाही.